दुखतंय म्हणायला शिकताना

आमच्या कामाला लोकांनी ठेवलेलं नाव 'शेक'. खोपोलीच्या शिळफाट्याच्या बाजारात माझ्या दवाखान्यावर 'फिजिओथेरपी' अशी पाटी इतकी वर्षं लटकते आहे, पण तो शब्द कुणाच्या तोंडी बसला नाही. "शेक घ्यायला चाललोय," असं सांगून माणसं घरून निघतात, रिक्षावाल्याला "शेकवाल्या मॅडमकडे सोड" म्हणतात आणि माझ्यापुढे बसल्यावर पहिला प्रश्न विचारतात, "मशीन चांगलं आहे ना?" सुरुवातीला मी समजावून सांगायची, की मशीनचं काम थोडं, हाताचं जास्त आणि सगळ्यांत जास्त तुमचं स्वतःचं. आता नाही सांगत. शेक लावते आणि तो चालू असताना हळूच व्यायामाचा विषय काढते.

खोपोलीत हाडांच्या कामाला तोटा नाही. एका बाजूला घाट, दुसऱ्या बाजूला एक्स्प्रेसवे, जुना हायवे तर दारातच. शिवाय कारखाने. पाय मोडलेले, खांदे निखळलेले, कंबर धरलेले लोक चौकपासून कर्जतपर्यंतच्या गावांतून येतात. मोडलेलं हाड जोडणं हे सर्जनचं काम. पण हाड जुळेपर्यंत सांधा बंद राहिलेला असतो आणि तो पावसाळाभर न उघडलेल्या खिडकीसारखा होतो. लाकूड फुगून चौकटीत घट्ट बसलेलं असतं. जोर लावला तर काच फुटेल, नाही लावला तर खिडकी उघडणार नाही. रोज थोडं, रोज थोडं, असं करत ती उघडायची, एवढंच आमचं शास्त्र.

आता जोर किती लावायचा हे कशावरून ठरवायचं? दुखण्यावरून. म्हणून आम्ही विचारतो, "दहापैकी किती दुखतंय? काहीच नाही म्हणजे शून्य, सहन होत नाही म्हणजे दहा." कागदावर हा प्रश्न फार सोपा दिसतो. गद्रे सर म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक यायचे, त्यांनी मला साडेसहा असं उत्तर दिलं होतं. का, तर सातला थोडं कमी पडतंय म्हणून. एका बाईंनी यजमानांकडे पाहिलं आणि यजमानांनी सांगितलं, "चार लिहा." आणि डोंगराखालच्या ठाकूरवाडीतली हिराबाई होती, करवंदं काढताना दरडीवरून पडून तिचा कोपर मोडला होता. तिला मी हा प्रश्न विचारला तर ती म्हणाली, "दुखतंय तेवढं दुखतंय, बाई. त्याला काय मापटं लावतेस?"

हिराबाईचा कोपर सरळ करायला घेतला की ती ओरडायची. ओरडायची म्हणजे रस्त्यावरची माणसं थांबून वर बघायची. "आय गं, मेले गं, मारलं या बाईनं!" एकदा बाहेर बसलेला एक नवा पेशंट तो आवाज ऐकून चप्पल घालून निघून गेला, तो परत आलाच नाही. मी तिला म्हणायची, "हिराबाई, जरा हळू. लोक घाबरतात." ती डोळे पुसून खिदळत म्हणायची, "लोकांचा हात नाय वडत हाय तू, माजा वडतेस." काम झालं की पदर सारखा करून, बाहेरच्या बायकांशी गप्पा मारून ती टेंपोत बसून निघून जायची. तिचा हात बऱ्यापैकी सुधारला. तरी खरं सांगते, ती आली की मला जरा धास्तीच वाटायची. मला आवडायचे ते शांत पेशंट. दात आवळून, छताकडे बघून, "बरं आहे मॅडम, चालू द्या" म्हणणारे. असे लोक दिसले की दिवस चांगला गेला असं वाटायचं.

असं का वाटायचं, याचा विचार करायची वेळ यायला माझा स्वतःचा खांदा धरावा लागला.

गेल्याच्या गेल्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. माझी साठी नुकतीच झाली होती. फराळाचा डबा वरच्या फळीवर ठेवायला गेले आणि डावा हात खांद्याच्या वर जाईना. मग केस बांधताना हात मागे जाईना. मग कुशीवर झोपता येईना. फ्रोजन शोल्डर. खांदा आखडतो, त्याला फारसं कारण लागत नाही, आणि सुटायला वर्षसुद्धा लागतं. हे मी शेकडो लोकांना सांगितलेलं. त्यामुळे आपलं आपण करू म्हणून मी स्वतःच स्वतःवर उपचार सुरू केले. उपचार म्हणजे काय, तर पेशंट संपले की दमून खुर्चीत बसायचं आणि उद्या व्यायाम करू म्हणायचं. जे पेशंट असं करतात त्यांना मी भरपूर बोललेली आहे.

शेवटी ब्लाउज चढवतानाच डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा मी कर्जतला रेश्माला फोन केला. रेश्मा चाळिशीची, शिक्षण संपल्यावर काही वर्षं माझ्याकडेच काम करत होती, मग कर्जतला तिनं स्वतःचा दवाखाना थाटला. हाताला चांगली आणि तोंडाला फटकळ. ती म्हणाली, "या मॅडम. पण माझ्याकडे आलात की तुम्ही पेशंट. मला शिकवायचं नाही."

मी गेले. टेबलावर उताणी झोपले. तिनं माझा हात धरला आणि हळूहळू बाजूला न्यायला लागली. एका जागी आल्यावर असं वाटलं, की खांद्यात कुणीतरी पक्कड घालून पिळतंय.

"दुखतंय?" रेश्मानं विचारलं.

"नाही गं, बरं आहे. कर तू."

तिनं आणखी थोडा नेला. "आता?"

"बरं आहे."

तिनं हात तिथंच थांबवला. "मॅडम, तुम्ही हसताय का?"

मी हसत होते हे मला माहीतच नव्हतं. म्हटलं, "हसू नको तर काय रडू?"

"रडायचं तर रडा. पण आधी जरा मान उचलून तुमचे पाय बघा."

मी मान उचलली. माझ्या दोन्ही पायांची बोटं आतल्या बाजूला घट्ट आवळलेली होती. इतकी, की नखांभोवतीची कातडी पांढरी पडली होती. चेहरा हसतोय, तोंड बरं आहे म्हणतंय आणि खाली पाय असे. दुसऱ्या कुणाचे तरी पाय असावेत तशी मी त्यांच्याकडे बघत राहिले.

रेश्मा म्हणाली, "तुम्ही मला खरं सांगितलं नाहीत तर मी जास्त ओढीन आणि आतली शीर नाहीतर स्नायू दुखावेल. हे तुम्हीच मला शिकवलंत ना? मग माझ्याशी असं का वागताय?"

परत येताना एसटीत पळसदरीच्या पुढे कुठेतरी मी पुन्हा बुटातली बोटं हलवून बघितली. तेव्हाही ती आवळलेलीच होती. तेव्हा तर मला कुणी हातही लावत नव्हतं.

रेश्मानं घरी करायला व्यायाम दिले. त्यातला मुख्य भिंतीचा. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, दुखऱ्या हाताची बोटं भिंतीवर टेकवायची आणि कोळी चढावा तशी एकेक बोट वर सरकवत जायचं. दुखायला लागलं की थांबायचं, श्वास घ्यायचा, तिथंच राहायचं, मग हळूहळू खाली. सकाळी आणि संध्याकाळी. हा व्यायाम मी आयुष्यभर लोकांना दिला. त्यात काय होतं हे मला आत्ता कळलं. एक हात भिंतीवर, दुसरा लोंबता. मोबाइल घेता येत नाही, टीव्ही दिसत नाही, भाजी निवडता येत नाही. समोर फक्त रंग. अशा वेळी माणूस स्वतःच्या तावडीत सापडतो.

पहिले काही दिवस डोक्यात किरकोळच यायचं. गॅस संपत आलाय, गद्रे सरांना फोन करायचा राहिला. मग ते संपलं आणि रेश्माचा प्रश्न यायला लागला. असं का वागताय? मी ठरवलं, की आपण पेशंटची तपासणी करतो तशी ही पण करून बघू. आधी कुठं दुखतं ते बघायचं, मग केव्हापासून ते.

केव्हापासून, याचं उत्तर हळूहळू सापडलं. माझी आई दम्याची होती. मी थोरली. वडील कर्जतला शाळेत शिक्षक, सकाळी निघताना दारात उभे राहून विचारायचे, "घरी सगळं बरं आहे ना? जाऊ ना मी?" ते जावेत म्हणून मी म्हणायची, "बरं आहे." आईला रात्रभर झोप लागलेली नसायची, मला भाकरी थापता यायची नाही, धाकटा भाऊ रडत असायचा. तरी बरं आहे. कारण नाही म्हटलं की वडिलांचा चेहरा उतरायचा आणि तो मला बघवायचा नाही. आल्यागेल्यांना ते कौतुकानं सांगायचे, "आमच्या शुभदाचं कधी काही मागणं नसतं." हे वाक्य मी पदकासारखं मिरवलं. त्यात वडिलांचा दोष नव्हता आणि दहा वर्षांच्या मुलीचाही नव्हता. तेव्हा त्या शब्दांनी घर चाललं. पण पुढे घर बदललं, माणसं बदलली, मी पोटापाण्याला लागले, लग्न झालं, तरी ते शब्द माझ्या तोंडातून हललेच नाहीत.

त्यातून अविनाश गेला तो दिवसही भिंतीवर आला. माझे यजमान. दहाएक वर्षं झाली, हृदयविकाराचा दुसरा झटका. दिवस उरकले आणि मी लगेच दवाखाना उघडला. लोकांनी फार नावाजलं. "मॅडम खंबीर आहेत," असं बाजारात एकमेकांना सांगायचे. मुलगा निखिल तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होता, तो फोन करायचा, "आई, कशी आहेस?" "बरी आहे रे. तू अभ्यास कर." हे सगळं भिंतीसमोर आठवलं तेव्हा मला वाटलं आता रडू येईल. रडू आलं नाही, राग आला. मला खंबीर म्हणणाऱ्या प्रत्येकाचा राग आला. मग लक्षात आलं, की त्यांना मीच तसं दाखवलं होतं. एकानंही दुसऱ्यांदा विचारलं नाही, हे खरं. पण पहिल्या वेळी मी दार इतकं नीट लावून घेतलेलं असायचं, की दुसऱ्यांदा कोण ठोठावणार?

आणि मग माझ्या कामाचंही मला कळलं. मला शांत पेशंट का आवडायचे, तर ते माझ्यासारखे होते. हिराबाईची धास्ती का वाटायची, तर ती मला जमत नव्हतं ते उघडपणे करत होती.

हे कळल्यानं काही चमत्कार झाला नाही. खांदा त्याच्या वेगानंच सुटत होता. फक्त रेश्माकडे गेल्यावर मी, "थांब, इथे दुखतंय," असं म्हणायला लागले. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आवाज चोरटा निघाला. ती म्हणाली, "ऐकू आलं नाही, मॅडम." बयेनं मला तीनदा म्हणायला लावलं.

त्या पावसाळ्यात तानाजी माझ्याकडे यायला लागला. चौक गावचा. टेंपो चालवायचा. जुन्या हायवेला अपघात होऊन नडगीचं हाड मोडलं, आत पट्टी बसवली होती. पस्तिशीचा, सालस माणूस. बायको सुनीता त्याला रोज घेऊन यायची आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायची. तानाजी म्हणजे माझ्या जुन्या पसंतीचा पेशंट. कितीही वाकवलं तरी, "बरं हाय मॅडम, करा तुमी."

एका सकाळी तो आला. टेबलावर बसला, पाय वर घेतला. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "कसा आहे पाय?"

"बरं हाय, मॅडम. पोटरी जरा आखडल्यासारकी वाटते. चोळून दिली तर सुटंल. बाकी बरं हाय."

मी तेलाची बाटली घेतली. त्याच्याकडे पाहिलं तर तो छताकडे बघून हसत होता. ते हसू मी ओळखलं. ते मी स्वतः हसले होते, कर्जतला, टेबलावर पडून. बाटली खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि त्याच्या जवळ बसले.

"तानाजी, कधीपासून आखडली आहे?"

"हाय आपली, दोन दिस झाले असतील. काय विशेष नाय."

"अरे, मीही असंच म्हणते सगळ्यांना. मला खांद्याचा त्रास आहे ना, तर जीव जात असला तरी बरं आहे म्हणत होते. मला त्याचा काही उपयोग झाला नाही. तू मला खरं सांग. मी रागावणार नाही."

तो दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "ती बाहेर हाय का?"

"बाकावर आहे. ऐकू जात नाही."

"मॅडम, परवापासून लय ठणकतंय. पाय खाली सोडला का फुटंल असं वाटतंय. आनी आज तुमच्या पायऱ्या चढलो तर दम लागला. छातीत हितं, श्वास घेतला का टोचतंय. पन तिला नका सांगू. दोन महिने निस्ती रडत होती, आत्ता कुठं थांबलीय. आता परत काय झालं म्हनलं तर..."

मी दोन्ही पाय उघडे करून शेजारी ठेवले. दुखऱ्या पायाची पोटरी दुसरीपेक्षा स्पष्ट सुजलेली होती, कातडी ताणून चकाकत होती. हात लावला तर गरम.

हे जरा समजावून सांगते. पाय मोडून माणूस फार दिवस पडून राहिला, की कधी कधी पोटरीच्या आतल्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ धरते. बाहेरून ते साधं आखडल्यासारखंच वाटतं. अशी पोटरी चोळली तर गाठ सुटून रक्ताबरोबर वर जाऊ शकते आणि फुप्फुसात अडकू शकते. मग माणूस वाचेलच असं नाही. तानाजीला धाप लागत होती, छातीत टोचत होतं. म्हणजे एखादा तुकडा आधीच गेला असण्याची शक्यता होती. आणि मी तेल हातावर घ्यायच्या बेतात होते.

मी म्हटलं, "आता हलायचं नाही. उठायचं नाही. मी डॉक्टरांना फोन करते."

"चालत जातो ना मॅडम, रिक्षानं—"

"एक पाऊल टाकायचं नाही."

त्याच्या सर्जनना फोन लावला, त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, लगेच पाठवा, ॲम्ब्युलन्सनंच. ॲम्ब्युलन्सवाल्याला फोन केला. आता राहिली सुनीता. तानाजीनं माझा हात धरला. "तिला म्हना, साधा फोटो काडायचाय. बाकी काय नको."

एरवी मी तेच केलं असतं. कुणाचा चेहरा उतरू नये म्हणून साधंसं काहीतरी सांगण्यात माझा हातखंडा होता. मी म्हटलं, "नाही तानाजी. मी नाही सांगणार. तू सांग. मी इथं उभी राहते."

तिला आत बोलावलं. तानाजीनं घसा खाकरला, दोनदा मान खाली घातली आणि म्हणाला, "सुने, मला बरं वाटत नाय गं. लय दुखतंय. भ्या वाटतंय मला."

मला वाटलं ती कोसळेल. ती रडली नाही. ती जवळ आली, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "परवापासून तुमी भाकर अर्धी टाकताय. मला दिसत न्हवतं व्हय? मी इचारलं तर बरं हाय म्हनालात. मग मी काय करू?" आणि माझ्याकडे वळून, "मॅडम, कुठं न्यायचं? मी संगट बसते."

सोनोग्राफीत गाठ निघाली. फुप्फुसातही लहानसा तुकडा गेलेला होता. त्याला दाखल करून घेतलं, रक्त पातळ करायची औषधं सुरू झाली. पहिले दोन दिवस काळजीचे होते. मी हॉस्पिटलमध्ये फोन करत राहिले. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता धोका टळला. वेळेवर आला म्हणून. तुम्ही कसं ओळखलंत?" मी म्हटलं, "पोटरी गरम लागली." तेही खरंच होतं.

दिवाळीच्या आधी दोघं पेढे घेऊन आले. तानाजी काठीशिवाय चालत होता. मी विचारलं, कसा आहेस? तो तोंड उघडणार एवढ्यात सुनीता म्हणाली, "मॅडम, तुमी यांना बिगडवलंत. आता सकाळपास्नं सुरू. हितं दुखतंय, तितं दुखतंय, आज भाजी खारट झाली. पयलं बरं होतं." आणि तिघंही हसलो. आतल्या टेबलावरच्या पेशंटनं विचारलं, काय झालं मॅडम? म्हटलं, काही नाही, एका माणसाला कुरकुर करता यायला लागली.

या सगळ्यात माझं एक काम मात्र राहून गेलं होतं, आणि ते मी टाळत होते.

निखिलनं पुण्यात मोठा फ्लॅट घेतला होता. त्यात माझ्यासाठी वेगळी खोली. "आई, साठी झाली तुझी. आता दवाखाना बंद कर आणि ये," असं तो वर्षभर म्हणत होता. मी म्हणायची, "बरं, येते." त्यानं खोलीला रंग लावला, सूनबाईनं फोनवर पडदे दाखवले. मी म्हटलं, छान आहेत. मला जायचं नव्हतं. मला शिळफाट्याच्या बाजारातला तो जिना, तो शेक, ती हात ओढल्यावर शिव्या देणारी माणसं हवी होती. अर्धा दिवस का होईना. भिंतीसमोर उभं राहून हे मला स्वच्छ दिसलं होतं, तरी निखिलला सांगायला तोंड उघडत नव्हतं. तानाजीला मी जे करायला लावलं ते मला करवत नव्हतं.

एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. टेंपो कधी पाठवू, सामान किती आहे, असं विचारत होता. मी खुर्चीत बसले आणि म्हटलं, "निखिल, मला यायचं नाही."

"म्हणजे या महिन्यात नाही?"

"म्हणजे नाहीच. राहायला नाही. चार दिवस येईन, आनंदानं येईन. पण मला इथं राहायचं आहे. काम कमी करीन, बंद नाही करणार. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं. बरं, येते असं म्हणत राहिले, कारण तुझं मन मोडायचं नव्हतं."

तो म्हणाला, "तू एकटी राहतेस, आई. तुला काही वाटत नाही का?"

नेहमीचं उत्तर जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. म्हटलं, "वाटतं. संध्याकाळी फार वाटतं. बाबा गेले तेव्हा तर वर्षभर मी रोज दवाखान्यातून येऊन दिवा न लावता बसायची. स्वयंपाक करायची नाही. तुझा फोन आला की उठून दिवा लावायची आणि मग बोलायची."

निखिल म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम विशीतल्या मुलासारखा झाला होता, "मला वाटायचं, तुला बाबांची आठवणच येत नाही. तू लगेच दवाखाना उघडलास. फोनवर कायम बरी आहेस. मी हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन रडायचो आणि मला वाटायचं, आपणच कमजोर आहोत. म्हणून मी तुझ्याकडे त्यांचा विषयच काढायचो नाही. दहा वर्षं, आई."

मी त्याला त्रास होऊ नये म्हणून गप्प होते आणि तो मला त्रास होऊ नये म्हणून. दोघं आपापल्या जागी. मी म्हटलं, "माझं चुकलं की तुझं, ते राहू दे. आता विचार काय विचारायचं ते."

तो म्हणाला, "मी घरी पोचलो तेव्हा बाबा गेलेले होते. घरभर लोक होते. मला कुणालाच विचारता आलं नाही. बाबा शेवटचं काय बोलले? माझ्याबद्दल काही म्हणाले का?"

मला त्याच्या समाधानासाठी काहीतरी सांगता आलं असतं. असली वाक्यं मला पटकन सुचतात. पण मी खरंच सांगितलं.

"तुझ्याबद्दल नाही रे. चहा पीत खुर्चीत बसले होते. मी स्वयंपाकघरात होते. मला हाक मारून म्हणाले, 'शुभा, पाण्याची मोटर बंद केलीस का?' एवढंच. मी बाहेर आले तर मान कलली होती."

निखिल हसायला लागला. हसता हसता तो रडायला लागला, आणि इकडे मीही. कितीतरी वेळ आम्ही दोघं फोन कानाला लावून रडत होतो, मध्येच हसत होतो, कारण अविनाश आयुष्यभर त्या मोटरच्या मागे लागलेला असायचा हे दोघांनाही माहीत होतं.

शेवटी नाक ओढत त्यानं विचारलं, "मग? केली होतीस का बंद?"

"नाही," मी म्हटलं. "तू येईपर्यंत टाकी भरून वाहत होती. अंगणभर पाणी झालं होतं आणि कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं."